मावशींचं इंग्रजी

पिठाने भरलेले दोन्ही हात कोपरापासून वर धरायचे, मान दाराकडे वळवायची आणि म्हणायचं, "आयॅम स्टक." खाणावळीच्या मावशींची ही तऱ्हा. दारात गॅसवाला असो, भाजीवाला असो, की वेळेआधी जेवायला आलेलं एखादं पोरगं असो. भाकऱ्या थापताना कुणी हाक मारली की हे उत्तर ठरलेलं. भाजीवाल्याने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं, बाईंना काही तरी लागलं. तो टेम्पो तसाच सोडून आत धावला. मावशी त्याला म्हणाल्या, "आरं, अडकलेय म्हनलं. ठिव तिथं कोथमीर."

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. जिथं इंजिनिअरिंगचं कॉलेज तिथं दोन-चार खाणावळी असतात आणि त्यातली एक कुणा तरी मावशींची असते. मी तेव्हा पेठ गावाच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर इंग्रजी शिकवत होतो आणि अवसरी खुर्दला एक खोली घेऊन एकटा राहत होतो. दोन्ही वेळचं जेवण मावशींकडे. पत्र्याची लांब शेड, दोन बाकं, कोपऱ्यात चूल आणि गॅस दोन्ही, आणि मध्ये मावशींचा आवाज.

त्यांच्या तोंडाला विसावा नव्हता. वाढता वाढता एकेकाची हजेरी घ्यायच्या. आमटी ढवळता ढवळता गावातल्या लग्नाचं असं वर्णन करायच्या की आपणही त्या पंगतीत बसलो होतो असं वाटावं. कुणाची चाल, कुणाचं घसा खाकरणं, कुणाचं उगाच मोठ्याने फोनवर बोलणं, सगळं करून दाखवायच्या. एखादं नवीन पोरगं घरच्या आठवणीने जेवेनासं झालं, की मावशी त्याच्या गावाला नावं ठेवायला सुरुवात करायच्या. तिकडच्या पाण्याला चव न्हाई, तिकडची मिरची नुसती दिसायला लाल. पोरगं आधी गप्प ऐकायचं, मग चिडून भांडायला लागायचं आणि भांडता भांडता दोन भाकऱ्या खाऊन उठायचं. संध्याकाळी निघताना मावशी दारापर्यंत येऊन बजावायच्या की उसाच्या कडेने एकटं जाऊ नका, चौघं मिळून जा, मोबाइलवर गाणी लावा. "तुमचं गानं ऐकून बिबट्या बी पळंल."

नवरा मुलगा लहान असतानाच गेला होता. मुलाला त्यांनी या खाणावळीवरच शिकवलं. तो इंजिनिअर झाला, ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं. त्या लग्नाचा फोटो मावशींनी शेडमध्ये देवांच्या शेजारी लावला होता. सून पांढऱ्या झग्यात होती. नवं माणूस त्या फोटोकडे बघायला लागलं की त्या सांगायच्या, तिकडं पांढरं शुभ असतं, आपलं आपल्यापाशी.

मग नात झाली. तिचं नाव आयला. इंग्रजीत लिहिताना त्यात एक एस असतो, तो बोलायचा नाही. सुनेच्या आजीचं नाव होतं ते, आणि तिकडे ते चांगलं समजतात. पण अवसरीत आजीने नातीला लाडाने हाक मारायची कशी? "आयला, ये गं" म्हटलं तर रस्त्यावरचं माणूस थांबून बघणार. पोरांना हे कळलं तेव्हा ती ताटावर वाकून वाकून हसली. मावशी त्यांच्यावर ओरडल्या आणि मग पदर तोंडाला लावून स्वतःही हसल्या. शेवटी त्यांनी आपल्यापुरतं तिचं 'इलू' करून टाकलं.

दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. मुलगा आईशी चार शब्द बोलायचा, मग पडद्यावर तपकिरी केसांची एक मुलगी यायची, "हाय आजी" म्हणायची आणि निघून जायची. एरवी भिंतीशीसुद्धा गप्पा मारतील अशा मावशी तिथं फोन दोन्ही हातांत धरून नुसत्या हसत बसायच्या. मुलगी गेल्यावरही थोडा वेळ ते हसू तसंच राहायचं.

"काय बोलू सर?" त्या मला एकदा म्हणाल्या. "तिला माझं कळंना, मला तिचं. पोरगं मधी बसून सांगतं, पर सांगून सांगून ते बी कटाळतं. नातीशी बोलाया वकील कशाला पायजे?"

मी इंग्रजी शिकवणारा माणूस. मी त्यांना म्हणालो, रोज अर्धा तास बसू. बसलोही. धिस इज अ पेन, दॅट इज अ डोअर. मावशींनी ते दोन-तीन दिवस मानाने ऐकलं आणि मग विचारलं की नातीला फोनवर दार दाखवून काय करू. आमचा वर्ग तिथेच संपला.

पुढे एका रविवारी त्यांनी मुलाला विचारलं की पोर सारखी पळून जाते कुठं. मुलगा म्हणाला, गेम खेळते, शाळेतल्या मैत्रिणीही त्याच गेममध्ये असतात, शाळा सुटली की तिथंच जमतात. मावशींनी तेवढंच धरलं. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलेल्या पोरांसमोर फोन ठेवून म्हणाल्या, "मला घाला ह्याच्यात."

तो खेळ तुम्ही घरातल्या मुलांच्या हातात पाहिला असेल. चौकोनी ठोकळ्यांचं एक जग असतं. ठोकळे फोडायचे, रचायचे, घर बांधायचं, जनावरं पाळायची. तिथला दिवस मावळला की राक्षस येतात. चार देशांतली माणसं एकाच वेळी त्या एका जगात हिंडू शकतात आणि हेडफोन लावला की एकमेकांशी बोलू शकतात. पोरांनी मावशींना एक जुना हेडफोन दिला, बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं, आणि मुलाने नातीकडून त्यांना तिच्या जगात शिरायची परवानगी मिळवून दिली. तिकडे शाळा सुटायची तेव्हा आपल्याकडे सकाळ अजून संपलेली नसायची. मावशी भाज्या लवकर उरकायच्या, पीठ मळून झाकून ठेवायच्या, हात धुवायच्या आणि दाराजवळ पालथ्या क्रेटवर जाऊन बसायच्या.

पहिल्याच दिवशी त्या पाण्यात पडल्या. वर कसं यायचं ते सापडेना. कानात नात काही तरी ओरडत होती आणि मावशी बुडत होत्या. बुडून मेल्या. तिकडे इलू खदखदून हसली.

"जन्मल्यापासनं पयल्यांदा माझ्यावर हसली ती," मावशींनी मला सांगितलं. खेळात मेलेलं माणूस लगेच पुन्हा जिवंत होतं. त्यानंतर बरेच दिवस मावशी रोज एकदा मुद्दाम पाण्यात पडायच्या.

शब्द असे आले. फॉलो मी. वेट. डोन्ट ओपन दॅट. रन आजी, रन. शब्द कानावर पडला की त्याप्रमाणे पाय हलवायचे, नाहीतर मरायचं. माझ्या वर्गात चुकलं तर मार्क जायचे, तिथं राक्षस खायचा. आधी मावशींना नुसते हुकूम कळायला लागले, मग प्रश्न, आणि मग एके दिवशी त्या कुठल्याशा गुहेत अडकल्या आणि त्यांच्या तोंडून आपोआप "आयॅम स्टक" बाहेर पडलं. इलू तिकडून धावत आली आणि तिने भिंत फोडून त्यांना सोडवलं. ते वाक्य मावशींचं इतकं लाडकं का झालं हे मला त्यावरून कळलं. ते म्हटलं की कुणी तरी येतं, असं त्यांनी पाहिलं होतं.

त्यांचं सगळं इंग्रजी नातीचं होतं, उच्चारांसकट. एका पोराच्या हातून आमटीची वाटी सांडली तर तो भीत भीत कारण सांगायला लागण्याआधी मावशी म्हणाल्या, "नो वरीज." तो परभणीकडचा होता, बिचारा आणखीच घाबरला. लाइट गेली की त्या वर बघून म्हणायच्या, "नॉट फेअर." एखादा जास्तच फुशारकी मारायला लागला तर, "लायर, लायर," तेही सात-आठ वर्षांच्या मुलीच्या सुरात, हात मात्र कमरेवर.

इलू आणि तिच्या मैत्रिणी राक्षस मारायला जायच्या. मावशींना मारामारी जमली नाही. त्यांनी घराजवळ गहू पेरला. सरळ ओळी, मध्ये पाट, बांधावर झाडं. पोरी दमून आल्या की मावशींकडून पाव घेऊन जायच्या. त्या सगळ्याच त्यांना आजी म्हणायच्या. बाईचं नावच आजी आहे, असं त्यांना वाटायचं. "लई सोपी शेती हाय, सर," मावशी सांगायच्या. "ना डुकरं, ना मजूर. पेरलं की येतंयच."

एकदा दुपारी त्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ग्रीफ म्हंजी काय?"

मी म्हणालो, दुःख. शोक.

"मग 'वी गॉट ग्रीफ्ड' म्हंजी?"

हे मला माहीत नव्हतं. त्यांच्याकडूनच कळलं की कुणी अनोळखी पोरगं त्यांच्या जगात शिरलं होतं. त्याने घर फोडलं, गव्हाला आग लावली आणि निघून गेलं. असं कुणी केलं की ती मुलं तो शब्द वापरतात. मावशींनी दोन्ही अर्थ जुळवून पाहिले आणि मान हलवली. "बराबर हाय. कुनी घर मोडून गेला तर दुखच की ते." मग आजी-नातीने मिळून घर पुन्हा बांधलं. ते सगळे दिवस मावशी खुशीत होत्या. मला तर वाटतं, त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुखाचं काम असावं.

त्यानंतर किती दिवस गेले आठवत नाही. पावसाळा सरला होता, बाजरी काढून झाली होती. मी दुपारी जेवायला गेलो तर पोरं बाकांवर गप्प बसली होती. भाकऱ्या झाल्याच नव्हत्या. मळलेल्या पिठावरचं फडकं तसंच होतं. मावशी क्रेटवर बसल्या होत्या, हेडफोन मांडीवर. एका पोराने भात लावला होता. तोच सगळ्यांनी कालवून खाल्ला आणि एकेक जण हळूच निघून गेला. मी उठलो तसं मावशींनी हाताने बसायची खूण केली.

"स्प्लिटिंग अप म्हंजी काय, सर?"

मी सांगण्याआधी त्याच म्हणाल्या, "म्हंजी मला समजलंय तेच हाय."

झालं होतं असं. खेळात इलूने नदीपलीकडे दुसरं घर बांधायला घेतलं होतं. मावशींनी विचारलं, व्हाय टू? ती म्हणाली, हे मम्मीचं, ते डॅडचं, दे आर स्प्लिटिंग अप, मी एक आठवडा इथं आणि एक आठवडा तिथं राहणार. लाल ठोकळे घालू की निळे, हे विचारावं तशा आवाजात तिने हे सांगितलं होतं. मग तिने विचारलं, आजी, आर यू सॅड?

"तुम्ही काय म्हणालात?"

"नो म्हनलं. आय मेक डोअर म्हनलं. दोन्ही घरांला दारं बसवून दिली." मग म्हणाल्या, "पोरानं सांगितलं न्हाई मला. परवाच्या रविवारी हसत व्हता की. म्हनला, सगळं झ्याक हाय."

मी काही तरी समजुतीचं बोललो असेन. त्यांचं लक्ष नव्हतं. पिठावरचं फडकं बाजूला करून त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. वर साल धरली होती.

"इंग्रजी आलं नसतं तर बरं व्हतं," त्या म्हणाल्या. "अजून वरीसभर सुखात ऱ्हायले असते."

मुलाला त्यांनी कळू दिलं नाही. पुढचे कित्येक रविवार मुलगा तिकडून सगळं ठीक असल्यासारखा बोलत होता आणि मावशी इकडून सूनबाई कशी आहे म्हणून विचारत होत्या. मी एकदा तिथे होतो. सून दवाखान्यात गेलीय, असं मुलगा म्हणाला. मावशी म्हणाल्या, बरं बरं, तिला जपायला सांग. फोन ठेवल्यावर त्यांनी त्याची नक्कल केली नाही. दुसऱ्या कुणाची केली असती.

शेवटी मुलाने सांगितलं, तेव्हा सगळं पार पडून गेलं होतं. सून नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती आणि मुलगी तिच्याबरोबर. सुट्टीत बापाकडे यायची. गेममध्ये इलूचं येणं विरळ झालं. मावशी जाऊन बसायच्या, गहू काढायच्या, पेरायच्या, कुणी आलं नाही की हेडफोन काढून भाकऱ्यांना लागायच्या. सुनेने पोरीला बंदी केली असणार, असं त्यांनी मनाशी धरलं. त्यात आपलं काय चुकलं, हे त्यांना समजेना.

एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. चांगलं लुगडं नेसल्या होत्या. मुलाकडून सुनेचा नंबर घेतला होता. मला म्हणाल्या, "तुमी बोलायचं न्हाई. मी अडकले तरच." नंबर मीच लावून दिला आणि बाजूला बसलो.

पलीकडून सुनेचा आवाज आला. मावशी म्हणाल्या, "हॅलो. आजी हिअर." मग अडल्या. मी पुढे सरकलो तसा त्यांनी हात वर केला. "आय नॉट मॅड," त्या म्हणाल्या. "यू मॅड ॲट मी?"

सून दमलेली वाटत होती, पण बोलणं नीट होतं. ती म्हणाली, नाही, मी का रागवू? मावशी म्हणाल्या, "प्लीज. इलू प्ले. लिटल. आय वेट." आवाज म्हाताऱ्या बाईचा, शब्द लहान मुलीचे.  सुनेने सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगितलं की मी तिला कधीच अडवलं नाही, तिला हवं तेव्हा ती खेळू शकते.

त्याचा अर्थ माझ्या आधी लक्षात आला. मावशींच्या चेहऱ्यावर तो जरा उशिराने पोचला. पोरीला कुणी धरून ठेवलं नव्हतं. ती येतच नव्हती.

मावशी म्हणाल्या, "ओके. थँक्यू." आणि मग विचारलं, "यू ईट?" जेवलीस का, असं त्यांना विचारायचं होतं. सुनेला ते कळलं. ती म्हणाली, अजून नाही. मावशी म्हणाल्या, "ईट." फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी इलू गेममध्ये आली. आईने सांगितलं असणार. थोडा वेळ खेळली आणि म्हणाली की मी आता हा गेम फारसा खेळत नाही, हा लहान मुलांचा आहे, सॉरी आजी. मावशींनी नो वरीज म्हटलं. हे त्यांनी मला वाढता वाढता सांगितलं, त्यातलं इलूचं वाक्य इंग्रजीतच, जसंच्या तसं. पुढे म्हणाल्या, "मोठी झाली. व्हनारच की."

नवीन गेम कुठला हे विचारून त्यांनी तोही पोरांकडून घालून घेतला. त्यात बंदुका होत्या. मावशींच्या बोटांना तो वेग झेपला नाही, आणि तिथे अनोळखी माणसं फार. चार-सहा दिवसांत त्यांनी तो काढून टाकला. "लई शिव्या देत्यात," त्या म्हणाल्या. "आदी कळत नव्हत्या. आता त्या बी कळाया लागल्या."

त्यानंतर खाणावळीत दुपारचं जेवण वेळेवर मिळायला लागलं. भाकऱ्या गरम, कधी नाही ते आमटीला दोनदा फोडणी. पण पोरांनाच ते बरं वाटेना. मावशी बोलायच्या पूर्वीसारख्याच. फक्त मध्ये इंग्रजी येईनासं झालं. एका पोराने मुद्दाम दारातून हाक मारली. मावशी पिठाच्या हातांनी उठल्या आणि "काय रं?" म्हणत दाराशी आल्या.

मग त्यांच्या पोटात दुखायला लागलं. आधी ओव्याचं पाणी, मग गोळ्या, मग पुण्याला नेऊन तपासण्या. दुखणं पोटात फार आधीपासून होतं. खाणावळ बंद झाली. जुन्नरला बाजाराच्या मागच्या आळीत त्यांची धाकटी बहीण राहते, तिने त्यांना आपल्याकडे नेलं. मुलगा येऊन महिनाभर राहिला, रजा संपल्यावर गेला, पुन्हा येतो म्हणाला.

मी एसटीने दोनदा त्यांना भेटायला गेलो. दुसऱ्या खेपेला त्या उशीला टेकून बसल्या होत्या. हात इतके बारीक झाले होते की बांगड्या काढून ठेवल्या होत्या. बहीण चहा करायला आत गेली, तेव्हा त्या म्हणाल्या की इलूचा फोन येतो आता, अधूनमधून, आपणहून येतो. ती विचारते, आजी, तुला काय झालंय.

"मग काय सांगता?"

"टमी हर्ट म्हनते. त्याच्या म्होरलं इंग्रजी खेळात आलंच न्हाई, सर."

मी म्हणालो, मी सांगू का तिला? त्या नको म्हणाल्या.  बाहेर आळीतून मोटारसायकली जात होत्या.

"मरनाचा शब्द येतो मला," त्या म्हणाल्या. "रोज म्हनायचो आमी. आय डाइड. पर त्यो हसन्यावारी म्हनायचा. मेलं की पुन्ना यायचं असतं तितं. त्यो शब्द वापरला तर पोर हसंल. मग कंचा वापरू?"

मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं. बहीण चहा घेऊन आली, तो मी बशीत ओतून प्यालो.

त्या गेल्या ते मला बहिणीच्या मुलाने फोन करून कळवलं. मुलगा दहाव्याला पोचला आणि नातही त्याच्याबरोबर आली. घाटावरचं उरकून सगळे घरी आले. घरात बायका दाटल्या होत्या. येईल ती मुलीच्या तोंडावरून हात फिरवायची, आजी गं तुझी आजी, म्हणून रडायची आणि तिला पोटाशी धरायची. मुलगी उंच झाली होती. कुणाचा तरी पंजाबी ड्रेस तिला घातला होता, तो खांद्यावरून उतरत होता. ती सगळ्यांना धरू देत होती. मग केव्हा तरी ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. बापाने मला खुणावलं, तसा मी तिच्याजवळ गेलो.

तुम्ही सर का, तिने विचारलं. आजी सरांचं नाव काढायची. आम्ही इंग्रजीत बोलत होतो, मी इथे मराठीत लिहितो आहे. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ती म्हणाली की आज इतकी माणसं माझ्याशी बोलली, पण मला एक शब्द कळला नाही. आजीचं मात्र कळायचं.

मी म्हणालो, तुझ्या आजीला आधी इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. सगळं ती तुझ्याकडून शिकली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करतोय की काय, असं तिला वाटलं असावं. ती म्हणाली, "पण मी तिला काही शिकवलं नाही. आम्ही नुसत्या खेळत होतो."



"ती खूप शांत होती," ती पुढे म्हणाली. "फार बोलायची नाही. म्हणून तिच्याबरोबर असलं की मलाही बोलावं लागायचं नाही. घरी सगळे भांडायचे ना तेव्हा. मला ते आवडायचं."

मावशी आणि शांत! मी हसलो असेन, कारण तिने लगेच विचारलं, "का? मराठीत ती कशी होती?"

मी सांगायला लागलो. खाणावळ, पोरं, नकला, गावांना ठेवलेली नावं. इंग्रजीत त्यातलं काहीच जमेना. नकला केल्या तरी कुणाच्या, हे तिला कळत नव्हतं. ती शहाणी मुलगी, मान हलवत होती. मग म्हणाली, तिचं एखादं वाक्य सांगा, ती म्हणायची तसंच.

आत पंगतीची पानं मांडत होते. मला दुपारची शेड आठवली, पलीकडच्या खोल्यांत अभ्यासाच्या नावाखाली कॉटवर लोळणारी पोरं आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा तो आवाज. मी जमेल तेवढा मावशींचा सूर लावला आणि म्हणालो, "आरं उठा की मुडद्यांनो, भाकरी निवाया लागली. का आता पायघड्या घालू?"

मागे भांडं वाजलं. मावशींची बहीण वरणाचं पातेलं घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, पातेलं तसंच घेऊन पुन्हा आत गेली.

"अगेन," मुलगी म्हणाली.

मी पुन्हा म्हणालो, या वेळी सावकाश. ती माझ्या ओठांकडे बघत होती.